तोंडी खरेदीवर उभा असलेला तडजोड हुकूमनामा: दाद कोणत्या न्यायालयात आणि कोणत्या नात्याने मागावी?

आपल्या प्रश्नातील हकीकत थोडक्यात अशी आहे. सातारा जिल्ह्यात आपल्या वडिलांच्या नावे २ एकर १० गुंठे जिरायत जमीन होती. ही जमीन आपण १९८७ साली ४० हजार रुपयांना तोंडी खरेदी केली आणि तेव्हापासून ताबाही आपलाच आहे, असे म्हणून लगतच्या शेतकऱ्याने २०१७ मध्ये मालकी ठरवून मिळण्याचा आणि मनाई हुकुमाचा दावा लावला. दाव्यात प्रतिवादी फक्त वडील आणि आपले बंधू होते. आपण व आपली बहीण पक्षकार नव्हता. दोन्ही प्रतिवादी पहिल्याच तारखेला हजर झाले, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, आणि त्याच महिन्यात तडजोडनामा दाखल होऊन त्याप्रमाणे हुकूमनामा झाला. त्यावरून फेरफार मंजूर होऊन वडिलांचे नाव कमी झाले. वडील २०२१ मध्ये वारले आणि वारस नोंदीसाठी गेल्या वर्षी सातबारा काढला तेव्हा हे सर्व आपल्याला समजले. तडजोडनाम्यावर वडिलांचा अंगठा आहे, तर वडील आयुष्यभर सही करीत असत. आता नवा दावा लावून हा हुकूमनामा रद्द करून घ्या, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे, आणि तो बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे.

पहिले पाऊल म्हणून तो सल्ला बरोबर नाही. आपली बाजू गुणदोषावर बरीच भक्कम दिसते, परंतु अशी भक्कम प्रकरणेही चुकीच्या मार्गाने गेल्यामुळे प्राथमिक टप्प्यावरच बाद होताना मी वारंवार पाहिली आहेत. तडजोड हुकूमनाम्याच्या बाबतीत तोंडी खरेदी खरी की खोटी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर येतो. त्याआधी आपण कोणत्या नात्याने बोलत आहात आणि ते ऐकण्याचा अधिकार कोणत्या न्यायालयाला आहे, हे ठरवावे लागते.

त्यासाठी हुकूमनाम्याची आणि तडजोडनाम्याची प्रमाणित नक्कल घेऊन हुकूमनामा नेमका कोणी दिला हे आधी पाहावे. अलीकडे बहुतेक तालुका न्यायालयांत तडजोडी राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी नोंदवल्या जातात आणि तसे असेल तर नकलेवर पॅनेलवरील न्यायाधीशांबरोबर पॅनेल सदस्यांच्याही सह्या असतात. लोकअदालतीचा निवाडा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. पंजाब राज्य वि. जालौर सिंग या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्याला आव्हान द्यायचे तर ते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली उच्च न्यायालयातच आणि तेही फार मर्यादित कारणांवर देता येते; पुढे भार्गवी कन्स्ट्रक्शन्सच्या निकालाने फसवणुकीचा आरोप असला तरी दिवाणी दाव्याचा मार्ग बंदच असल्याचे स्पष्ट केले. सातारा जिल्ह्यासाठी असा रिट अर्ज आता मुंबईऐवजी १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जाईल. आपल्या वर्णनावरून हा हुकूमनामा नियमित दिवाणी न्यायालयाने दिलेला दिसतो आणि पुढचे विवेचन तसे गृहीत धरून आहे. मात्र नकलेवर लोकअदालतीचा उल्लेख निघाला तर मार्गाविषयीचा भाग बदलेल.

आता नव्या दाव्याविषयी. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली. तिने आदेश २३ नियम ३ मध्ये तडजोड लेखी व पक्षकारांच्या सहीची असली पाहिजे अशी अट घातली. तडजोड झाली की नाही याबद्दल एक पक्ष होय व दुसरा नाही म्हणत असेल तर त्याचा निर्णय त्याच न्यायालयाने करावा, असे परंतुक जोडले. आणि करार कायद्याप्रमाणे शून्य (मुळातच निष्प्रभ) अथवा शून्यनीय (एका पक्षाला रद्द करता येण्याजोगा) असलेला करार या नियमासाठी कायदेशीर समजला जाणार नाही, असे स्पष्टीकरणही दिले. त्याच वेळी नियम ३अ घातला गेला, ज्याप्रमाणे हुकूमनाम्याच्या मुळाशी असलेली तडजोड कायदेशीर नव्हती या कारणावरून तो हुकूमनामा रद्द करण्यासाठी स्वतंत्र दावा चालत नाही. कलम ९६(३) प्रमाणे संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर नियमित अपीलही नाही. हेतू उघड आहे: एक भांडण मिटवणाऱ्या कागदातून दुसऱ्या भांडणांची मालिका सुरू होऊ नये, आणि तडजोड खरी होती का याचा तपास ज्या न्यायाधीशांसमोर ती झाली त्याच न्यायालयात व्हावा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या बनवारी लाल वि. चंदो देवी या निकालात दोन मार्ग सांगितले होते: त्याच न्यायालयात अर्ज, किंवा आदेश ४३ नियम १अ चा आधार घेऊन अपील. २००६ च्या पुष्पादेवी भगत वि. राजिंदर सिंग या निकालात मात्र भर पहिल्या मार्गावर आला, म्हणजे ज्या न्यायालयाने तडजोड नोंदवली त्याच न्यायालयाकडे जाऊन वैध तडजोड नव्हतीच हे दाखवणे. २०२० च्या त्रिलोकीनाथ सिंग वि. अनिरुद्ध सिंग या निकालाने मूळ दाव्यात पक्षकार नसलेल्या पण एका पक्षकाराकडून हक्क घेतलेल्या माणसाचाही स्वतंत्र दावा नियम ३अ खाली अडवला, आणि २०२५ च्या एप्रिलमधील निकालांनी हीच दिशा पक्की केली आहे. त्यामुळे आज आपण थेट दावा लावला तर समोरचे वकील आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र नामंजूर करण्याचा अर्ज देतील आणि तो मंजूर होण्याची शक्यता बरीच आहे. त्यात गेलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मिळू शकतो, पण त्यासाठी सद्भावना आणि तत्परता सिद्ध करावी लागते. एवढा कायदा स्पष्ट असताना तीन वर्षे चुकीच्या न्यायालयात घालवली, तर ती तत्परता कोणाला पटवून देणे सोपे नाही.

येथे आपल्या दोन नात्यांचा विचार सुरू होतो, आणि बहुतेक अर्जांत घोळ इथेच होतो. एका नात्याने आपण वडिलांच्या कायदेशीर वारस आहात. या नात्याने आपल्याला वडिलांइतकाच अधिकार मिळतो, त्याहून जास्त नाही. वडिलांवर जे बंधनकारक ते आपल्यावरही बंधनकारक, आणि वडील जी हरकत घेऊ शकले असते ती आपणही घेऊ शकता. दुसरे नाते स्वतःच्या हक्काचे आहे: जमीन खरोखर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर त्यात सहदायाद (जन्मानेच हिस्सा असलेली सहहिस्सेदार) म्हणून आपला स्वतंत्र हिस्सा होता आणि आपल्याला पक्षकार न करता झालेला हुकूमनामा त्या हिश्श्यावर बंधनकारक नाही, असे म्हणणे. पहिल्या नात्याने अर्ज त्याच न्यायालयात जातो. दुसऱ्या नात्याने वाटपाचा दावा होऊ शकतो. दोन्ही म्हणणी एकाच कागदात मिसळली की समोरच्याला दोन्हींना एकदम उत्तर देण्याची सोय होते.

वारस म्हणून करायचा अर्ज आदेश २३ नियम ३ चे परंतुक व कलम १५१ खाली, मूळ दाव्याच्याच क्रमांकात, हुकूमनामा मागे घेऊन दावा पुन्हा मूळ टप्प्यावर आणावा यासाठी असतो; कोर्टात याला सहसा रिकॉल अर्ज म्हणतात. त्यात आपण व बहीण अर्जदार, वादी आणि आपले बंधू सामनेवाले असतील. फसवणूक झाली एवढे लिहून भागत नाही. आदेश ६ नियम ४ प्रमाणे फसवणूक, दडपण किंवा गैरवाजवी प्रभाव यांचा तपशील तारखांसह द्यावा लागतो: कोणी काय सांगितले, वडिलांना न्यायालयात कोणी नेले, वकीलपत्र कोठे भरले गेले, त्या वेळी वडिलांची दृष्टी व श्रवण कसे होते, त्यांचे औषधोपचार कोठे चालू होते.

या कामात माझा सर्वाधिक विश्वास रोजनाम्यावर, म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीवर आहे. तडजोडनामा विचार करून, नीट भाषेत लिहिलेला असतो. रोजनामा मात्र त्या दिवशी घडले तसे लिहून जातो. दावा कधी दाखल झाला, समन्स निघाले तरी का, ते बजावले गेले की प्रतिवादी समन्साविनाच हजर झाले, वडील प्रत्यक्ष न्यायाधीशांसमोर उभे होते की केवळ त्यांचे वकील, तडजोडीचा मजकूर वडिलांना वाचून दाखवून मान्य असल्याची नोंद आहे की नुसतेच ‘तडजोड नोंदवली’ असे आहे, हे सर्व तेथे सापडते. समन्स बजावण्याआधी हजर होणारा, कैफियत न देणारा आणि काही आठवड्यांत सव्वादोन एकर जमीन सोडून देणारा प्रतिवादी हा संगनमताचा किंवा अज्ञानाचा पुरावा आहे. दोन्हीपैकी कोणता, हे मात्र आपल्याला दाखवावे लागेल. वडिलांच्या वकिलांनीच तडजोडीवर सही केली असेल, तर ती केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. १९९१ च्या बायराम पेस्तनजी गरीवाला निकालापासून अधिकार असलेल्या वकिलाची सही चालते, पण पुढील निकालांत अशिलाची स्पष्ट सूचना असण्यावर भर आहे. म्हणून वकीलपत्रावरील मजकूर व त्यावरील सही की अंगठा, हेही तपासावे.

अंगठ्याचा मुद्दा आपल्याला वाटतो तितका निर्णायक नाही, पण उपयोगी आहे. थरथरणाऱ्या हातामुळे वृद्ध माणूस अंगठा देतो, असे समोरून सांगितले जाईल. त्यासाठी त्याच काळातील बँकेच्या पैसे काढण्याच्या स्लिपा, सोसायटीचे कर्जरोखे, पेन्शनचे हयातीचे दाखले यांवरील सह्या जमवाव्यात. अंगठा वडिलांचा नाहीच असे आपले म्हणणे असेल, तर ठशांच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते, पण त्यासाठी वडिलांचा निर्विवाद ठसा हवा. जुन्या नोंदणीकृत दस्ताच्या वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात घेतलेला ठसा यासाठी उत्तम. निकाली दाव्यांतील काही कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, म्हणून नक्कल अर्जाबरोबरच मूळ तडजोडनामा व वकीलपत्र जपून ठेवण्याचा अर्जही त्याच दिवशी द्यावा. तज्ज्ञाला झेरॉक्सवरून काही सांगता येत नाही.

आता तोंडी खरेदीकडे येऊ. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. ४० हजारांची जमीन १९८७ मध्ये तोंडी विकली, हे वाक्य खरे धरले तरी त्यातून मालकी जात नाही. तोंडी साठेकरार (पुढे विक्री करण्याचा करार) होऊ शकतो आणि त्याच्या विशिष्ट पूर्ततेचा दावाही होऊ शकतो, परंतु त्याला मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ५४ ची तीन वर्षांची मुदत आहे, आणि कलम ५३अ चे संरक्षण तर लेखी कराराशिवाय मिळतच नाही. म्हणजे २०१७ चा दावा वाद करून चालला असता, तर १९८७ च्या तोंडी खरेदीवर वादीला मालकीची घोषणा मिळण्याचे कारण नव्हते. जे चौकशीतून मिळणार नव्हते ते तडजोडीतून मिळवले गेले, हा आपल्या अर्जाचा कणा असावा.

नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १७(२)(सहा) येथे महत्त्वाचे आहे. न्यायालयाच्या हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही, आणि तडजोडीचा हुकूमनामा दाव्यातील मिळकतीपुरताच असेल तर तोही या सवलतीत बसतो, असा या तरतुदीचा वरवरचा अर्थ. १९९५ च्या भूप सिंग वि. राम सिंग मेजर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली पळवाट बंद केली: हुकूमनामा आधीपासून असलेला हक्क मान्य करत असेल तर नोंदणी नको, पण तो स्वतःच १०० रुपयांवरील स्थावरात प्रथमच हक्क निर्माण करत असेल तर नोंदणी सक्तीची आहे, अन्यथा मुद्रांक व नोंदणी चुकवण्यासाठी संगनमताच्या दाव्यांचे पेव फुटेल. तालुका पातळीवर काम केलेल्या कोणालाही ही भीती खरी वाटेल. खरेदीखत केले तर मुद्रांक शुल्क, तुकडेबंदी, शेतकरी असल्याचा दाखला, भोगवटादार वर्ग २ ची (शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न होणाऱ्या जमिनीची) परवानगी असे सर्व प्रश्न येतात. म्हणून ‘तुम्ही दावा लावा, आम्ही कबूल होतो’ हा व्यवहार अनेक गावांत ऐकायला मिळतो. रुबी सेल्स वि. महाराष्ट्र राज्य या निकालाप्रमाणे मिळकत देणारा तडजोड हुकूमनामा आपल्या राज्याच्या मुद्रांक कायद्याखाली अभिहस्तांतरणच (मालकी देणारा दस्तच) ठरतो, त्यामुळे शुल्क भरले गेले का हेही विचारावे.

समोरची बाजू डिसेंबर २०२४ चा मुकेश वि. मध्य प्रदेश राज्य हा निकाल दाखवेल, यासाठी आधीच तयार राहावे. तेथे दीर्घ ताबा असलेल्या माणसाच्या तडजोड हुकूमनाम्याला नोंदणी व मुद्रांक लागत नाही असे ठरले, कारण जमीन दाव्याचाच विषय होती आणि हक्क पूर्वीचा असल्याचे धरले गेले. आपल्या प्रकरणात फरक हा की वादीचा पूर्वीचा हक्क म्हणजे १९८७ ची तोंडी खरेदी, आणि कायद्याच्या दृष्टीने तिच्यातून हक्क उत्पन्नच झालेला नाही. वादपत्रात पर्यायी विरुद्ध ताब्याची (मालकाच्या हक्काविरुद्ध दीर्घकाळ उघड ताबा ठेवल्याची) कथनेही असतील तर हा फरक पुसट होतो. म्हणून वादपत्राची नक्कल ओळ न् ओळ वाचली पाहिजे.

करार कायद्याच्या कलम २३ चा मुद्दा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यातून निघतो. तेथे ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद असेल, जमीन वर्ग २ ची असेल, वादी शेतकरी नसल्यामुळे कुळकायद्याचे कलम ६३ आड येत असेल, किंवा आपले कुटुंब अनुसूचित जमातीचे असून महसूल संहितेचे कलम ३६अ लागू होत असेल, तर परवानगीशिवाय जे हस्तांतर करता येत नव्हते ते तडजोडीतूनही करता येत नाही, आणि अशी तडजोड नियम ३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे कायदेशीर राहत नाही. वर्ग १ ची, बंधनमुक्त जमीन असेल तर हा मुद्दा सोडून द्यावा. उगाच दहा कारणे दिली की चांगली दोनही दुबळी दिसतात.

दुसरे नाते, म्हणजे आपला स्वतःचा हिस्सा. ‘आजोबांची जमीन’ म्हणजे वडिलोपार्जित, असे लोक धरून चालतात. तसे नेहमी नसते. आजोबांची स्वतंत्र मिळकत असून ते १७ जून १९५६ नंतर, म्हणजे हिंदू उत्तराधिकार अधिनियम अमलात आल्यावर वारले असतील, तर कलम ८ प्रमाणे वडिलांना मिळालेला वाटा त्यांचा स्वतःचा ठरतो, आणि त्यात आपल्याला जन्माने हक्क नसतो. मग आपल्याला वारस म्हणूनच लढावे लागेल. जमीन पणजोबांपासून एकत्र कुटुंबात आली असेल तर चित्र वेगळे होते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद केले आणि विनीता शर्मा वि. राकेश शर्मा या ऑगस्ट २०२० च्या निकालाने तो हक्क वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात होते की नाही यावर अवलंबून नसल्याचे सांगितले. आपले लग्न झाले आहे का, याचाही त्याच्याशी संबंध नाही. यासाठी जुने फेरफार, हक्कनोंदणीचा पहिला उतारा आणि पणजोबा-आजोबांच्या मृत्यूच्या नोंदी मिळवाव्यात.

२००५ ची दुरुस्ती २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या हस्तांतराला धक्का लावत नाही. २०१७ साली दाखल झालेल्या दाव्यात विक्री ३० वर्षे मागे नेऊन ठेवली, तर मुलींचा हक्क उत्पन्न होण्याआधीच जमीन गेली होती असे आपोआप दिसते. विक्री खरोखर तेव्हा झाली असेलही. परंतु १९८७ ते २०१७ या काळात एकही पावती, सोसायटीकडील नोंद, वर्दी किंवा फेरफाराचा प्रयत्न नसेल, तर ही तारीख कोणाच्या सोयीची होती हा प्रश्न उलटतपासात वादीला विचारता येतो. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवण्याचे कर्तव्य तेव्हाही होते.

या नात्याने वाटपाचा दावा लावायचा असेल तर मुख्य मागणी स्वतःच्या हिश्श्याची घोषणा, सरसनिरस (चांगली-वाईट जमीन पाहून केलेले) वाटप आणि हुकूमनामा त्या हिश्श्यावर बंधनकारक नसल्याची असावी; ‘तडजोड बेकायदेशीर असल्याने हुकूमनामा रद्द करावा’ ही मागणी त्यात घालू नये, कारण तीच नियम ३अ ला आमंत्रण देते. वडिलांनी कर्ता (एकत्र कुटुंबाचा प्रमुख) म्हणून कुटुंबाच्या वतीने तडजोड केली, त्यामुळे सर्वांवर बंधन आहे, असे उत्तर येईल. त्याला आपले उत्तर असे की कायदेशीर गरज किंवा कुटुंबाचा फायदा दाखवल्याशिवाय कर्त्याला दुसऱ्यांचे हिस्से देता येत नाहीत, आणि १९८७ च्या अनोंदणीकृत व्यवहाराची २०१७ मध्ये दिलेली कबुली यात गरजही नाही व फायदाही नाही. माझा कल असा की रिकॉल अर्ज आधी दाखल करावा, त्यानंतर लगेच वाटपाचा दावा लावावा, आणि दोन्ही एकाच न्यायाधीशांसमोर ठेवण्याची विनंती करावी. महिला पक्षकारांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफीची राज्य शासनाची १९९४ ची अधिसूचना आहे. ती या दाव्याला लागते का हे खिडकीवरच्या लिपिकाला न विचारता वकिलांकडून पक्के करून घ्यावे. तिसरा मार्ग, म्हणजे पक्षकार नसलेल्याने अपील न्यायालयाची परवानगी घेऊन अपील करणे, आपल्यासाठी राखीव ठेवावा. जिल्हा न्यायालयातील अपिलाची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली असल्याने विलंब माफीची लढाई आधी लढावी लागेल.

मुदतीचा प्रश्न रिकॉल अर्जालाही आहे. मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद १३७ ची तीन वर्षे लागू धरून चालावे, आणि फसवणूक लपवली गेली असल्यास त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती उघड झाल्यापासून मोजावीत. म्हणजे आपल्याला माहिती झाली ती तारीख हा स्वतंत्र वादाचा मुद्दा होईल. सातबारा पहिल्यांदा डाउनलोड केल्याची तारीख, नक्कल अर्जाची पावती, तलाठ्याला दिलेला वारस नोंदीचा अर्ज, ही सर्व कागदे एकच तारीख सांगतात का ते पाहावे. फेरफाराच्या वेळी महसूल संहितेच्या कलम १५० ची नोटीस कोणाकोणाला निघाली हेही काढावे. आपले नाव खात्यावर नव्हते म्हणून नोटीस आली नसणे स्वाभाविक आहे. पण वडील हयात असताना चार वर्षे गप्प का राहिले, हा प्रश्न वारस म्हणून आपल्याला विचारला जाणारच, आणि त्याचे उत्तर वडिलांना हुकूमनामाच माहीत नव्हता हे दाखवणाऱ्या पुराव्यातच आहे. त्या चार वर्षांत वडिलांनी त्याच जमिनीवर पीककर्ज घेतले असेल, पीकविमा भरला असेल किंवा शेतसारा दिला असेल, तर त्याची पावती डझनभर प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त बोलेल.

फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येते. मुदत ६० दिवसांची असल्याने विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. त्यातून फार अपेक्षा ठेवू नये. हुकूमनामा उभा आहे तोवर महसूल अधिकारी त्याच्या मागे जाणार नाहीत, आणि फेरफाराने मालकी मिळतही नाही व जातही नाही. तरी अपील प्रलंबित असल्याची नोंद राहिली तर तिसऱ्या खरेदीदाराला ‘मला काहीच माहीत नव्हते’ म्हणणे कठीण होते. त्यासाठीच दिवाणी न्यायालयात जमीन विकू नये असा तात्पुरता मनाई हुकूमही मागावा, आणि वाद प्रलंबित असल्याच्या नोटिशीची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करून घ्यावी.

बंधूंविषयी आपण फार थोडे लिहिले आहे. त्यांनी स्वतः सही केली असेल तर त्यांच्या हिश्श्यापुरते त्यांना आज मागे फिरणे अवघड आहे, आणि न्यायालय त्यांना फसवणुकीचे बळी मानणार नाही. तरीही त्या दिवशी काय घडले हे सांगणारे तेच एकमेव जवळचे साक्षीदार असू शकतात. ते खरे सांगायला तयार असतील तर प्रतिज्ञापत्र घ्यावे, पण त्यांना पैसे मिळाले होते का हे आधी मोकळेपणाने विचारून घ्यावे, कारण ते उलटतपासात निघाले तर अर्जदारांच्या बाजूलाच जड जाते.

शेवटी एक धोका, ज्याची आपल्याला कोणी कल्पना दिलेली दिसत नाही. रिकॉल अर्ज मंजूर झाला म्हणजे जमीन परत मिळत नाही. २०१७ चा दावा पुन्हा जिवंत होतो आणि आपण त्यात वडिलांच्या जागी प्रतिवादी म्हणून येता. तेव्हा वादी वादपत्र दुरुस्त करून विरुद्ध ताब्याचा पर्याय घालण्याचा प्रयत्न नक्की करील. साठेकरारावर आत आलेल्याचा ताबा परवानगीचा असतो, पण मालकीच सोडून देण्याच्या हेतूने, जरी अवैध रीतीने, जमीन देऊन टाकली असेल तर तेथील ताबा मालकाविरुद्ध असू शकतो, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने अचल रेड्डी या १९९० च्या निकालात केला आहे, आणि २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालापासून वादीलाही विरुद्ध ताब्यावर मालकी मागता येते. म्हणजे तोंडी खरेदी खोटी ठरली तरी १२ वर्षांचा उघड, सलग ताबा सिद्ध झाला तर मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ६५ खाली आपण हरू शकता. यामुळे अर्ज लिहिण्याआधीच १९८७ पासूनचे गाव नमुना १२ चे (पीकपाहणीचे) सर्व उतारे, २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीच्या नोंदी, विहिरीचे किंवा मोटारीचे वीज बिल कोणाच्या नावावर आहे, बांध-रस्त्याच्या तक्रारी कोणी केल्या, हे सर्व एकत्र करून पाहावे. वहिवाट शेवटपर्यंत वडिलांची असेल तर अर्जातच ते पहिल्या परिच्छेदात यावे. ती शेजाऱ्याची निघाली तर ताबा वाट्याने, कसायला किंवा गहाणाच्या बोलीने दिला होता का, याचे गावातील जुने साक्षीदार आत्ताच शोधावे लागतील, आणि त्यांची वये पाहता कागद जमवण्याआधी हे काम हाती घ्यावे.